काळी दोनचा तंबोरा

तंबोरा लावायला मला कोनी शिकवलं नाय. मी दुसरी पास झाले, तिसरीत बसले, तेवढ्यात आई अंथरुनाला खिळली नि माझी शाळा सुटली. बाप मिठागरावर होता, मग मी पन मिठागरावर. उघड्या पायांनी खाऱ्या पान्यात उभं राहून मीठ ओढायचं. पायाला भेगा, भेगांत मीठ. संध्याकाळी आजी त्यात खोबरेल घालायची नि म्हनायची, रडू नको, रडलं तर डोळ्यांतनं पन मीठच येतं. तर अशा पोरीला तंबोरा कुठला ठाऊक असनार.

लग्न होऊन वसईकडच्या गास गावाला आले तेव्हा पहिल्यांदा बघितला. माजघरात भिंतीला टेकून उभा, गोधडीच्या खोळीत. मला वाटलं कोन तरी तोंड झाकून उभं आहे. सासूला विचारलं, तर ती म्हनाली, "तो तुझा थोरला दीर. त्याचं आधी, मग आपलं."

मी घाबरून पदर डोक्यावर घेतला. ती हसत सुटली. मग खोळ काढून दाखवली. "एवढा मोठा भोपळा आनलाय घरात," म्हनाली, "पन एक दिवस भाजी झाली असेल तर शपथ."

माझ्या सासूची जीभ अशी होती. मन वाईट नव्हतं.

आमचे हे, म्हनजे नवरा, गवई होते. तसे शेतकरीच. खाडीकडं भाताचं शेत, घरामागं चार केळी, थोडी भाजी. पन लहानपनापासून भजनात गायचे, नि त्या आवाजावर मुंबईच्या एका मोठ्या गवयानं ह्यांना शिष्य करून घेतलं होतं. आठवड्यातनं दोनदा गाडीनं जायचे. पहिली दोन वर्षं गुरुजींनी नुसता सा लावून घेतला नि घरचं पानी भरून घेतलं. हे 'पानी' म्हनायचे म्हनून तिथले बाकीचे शिष्य हसायचे. गुरुजी त्यांना म्हनाले, "हसता काय? आपल्या हिंदी चिजेत काय म्हणता तुम्ही, पाणी की पानी? हा आधीच शुद्ध बोलतो." ही गोष्ट ह्यांनी मला लग्नानंतर चार दिवसांत सांगितली. ती सांगताना जेवढे हसले, तेवढे मग फार वेळा हसलेले मी बघितले नाय.

पहाटे उठून हे रियाज करायचे. तंबोरा छेडायला कोनी तरी लागायचं, ती मी. चार तारा. एकापाठी एक, सारख्या अंतरानं, घाई नाय, थांबनं नाय. भात कांडल्यासारखं आहे, लय सापडली की हात आपोआप चालतो. सासू चुलीपासनं म्हनायची, "चार तारा छेडून भात शिजतो काय गो?" मी छेडत बसायची. बोलनारीला बोलू द्यावं, हे मिठागरावर शिकले होते.

असं छेडता छेडता तीन-चार वर्षांत कानात ते बसलं. ह्यांची पट्टी काळी दोन. पट्टी म्हनजे गानाऱ्यानं आपला सा कुठं धरायचा ती जागा. बाजाच्या पेटीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात, त्यातली दुसरी काळी ती काळी दोन. गुरुजींची तीच, म्हनून ह्यांची तीच. एक दिवस हे आंघोळीला गेले असताना मी सहज खुंट्या पिळून तंबोरा लावून ठेवला. हे आले, ऐकून उभेच राहिले. पेटी काढली, काळी दोन दाबली. तंबोरा बरोबर तिथंच. दुसऱ्या दिवशी परत बघितलं, तिसऱ्या दिवशी परत. मग बघनं बंद केलं. पेटी खाटेखाली गेली.

"पेटी कशाला," म्हनायचे. "घरची पेटी आहे ना." नि माझ्याकडं बघायचे.

मला आयुष्यात कोनी एवढं मोठं काय म्हटलं नव्हतं. तिसरीत शाळा सुटलेल्या बाईला कोन काय म्हननार.

आनीबानी उठली त्या सुमाराला मोठ्या भरतीत खाडीचा बांध फुटला. शेतात पानी, घरात गुडघाभर पानी. ह्यांनी आधी आईला उचलून माळ्यावर बसवलं, मग तंबोरा आढ्याला टांगला. खाटेखालची पेटी कोनाच्या ध्यानात राहिली नाय. तीन दिवसांनी पानी ओसरलं तेव्हा तिच्या भात्यातनं चिखल निघाला. दाबली तर आवाज नाय. ती तशीच माळ्यावर टाकली.

शेताची माती मी जिभेला लावून बघितली. मिठागरची पोर मी, मला कळतं. म्हटलं, तीन पावसाळे इथं भात नाय येनार.

नि मीच म्हटलं, शिकवन्या धरा.

ह्यांना नको होतं. गुरुजींनी बजावलं होतं, पोरींना शिकवशील तर त्यांच्या पट्टीत गाऊ नकोस, गळा जाईल. पोरींचा आवाज उंच, त्यांची पट्टी पार वर. पुरुष मानसानं तिथं गायचं म्हनजे दिवसभर टाचा उंच करून चालन्यासारखं. पन शिकवायचं तर गाऊनच दाखवावं लागतं, पोरी पेटीवरनं शिकत नाय, गळ्यावरनं शिकतात. नि शिकायला यायच्या त्या पोरीच, मुलगे कोन पाठवतो. मला हे सगळं ठाऊक नव्हतं. मला भाताचं पातेलं ठाऊक होतं.

हे सायकलवरनं वसईला जायचे, सांडोरला जायचे. पाच घरं, सहा घरं. सकाळचा रियाज, मग दिवसभर पोरींच्या पट्टीत, संध्याकाळी घरी येऊन बोलायचे पन नाय, हातानं खुना करायचे. सासू म्हनायची, "गवई घरात नि बोलायला कुत्रं." अशी दोन वर्षं गेली. त्यातच गुरुजी वारले. हे तेरा दिवस मुंबईला राहिले. परत आले तेव्हा गालफडं बसलेली नि आवाज घोगरा. म्हटलं, रडल्यानं झाला असेल.

तो रडल्यानं नव्हता.

पहाटे वरच्या सा ला गेले की आवाजाला मधेच घडी पडायची. कपड्याला पडते तशी. परत घ्यायचे, परत घडी. मी मागं बसून छेडत असायची. मला ह्यांची पाठ दिसायची फक्त. पाठीवरनं कळायचं आता वर जानार, खांदे थोडे आवळायचे. पूर्वी कधी आवळत नव्हते.

एका सकाळी तीनदा घडी पडली. हे उठले नि विहिरीवर जाऊन बसले, गळ्यावर हात ठेवून. एवढा मोठा मानूस, गळ्यावर हात ठेवून, हरवलेलं चाचपावं तसा. सासू मला म्हनाली, "काय झालं गो त्याला?" मी म्हटलं, काय नाय, घसा बसलाय.

दुसऱ्या दिवशी हे आंघोळीला गेले तेव्हा मी खुंटी जरा सैल पिळली. अगदी जरा. तांदळाच्या दान्याएवढी. चारी तारा तेवढ्याच खाली घेतल्या. मनात काय ठरवलं नव्हतं. आजाऱ्याची उशी सरळ करावी तसं केलं.

त्या दिवशी आवाज वर गेला. घडी पडली नाय. हे उठले, चुलीपाशी गेले नि आईला म्हनाले, "आई, आज लागला गो आवाज." सासू म्हनाली, "मग आज दोन शब्द बोल आमच्याशी." नि हे बोलले. भाताबद्दल बोलले, बांधाबद्दल बोलले, मुलीचं डोकं विंचरून दिलं. आमची मुलगी तेव्हा पाच वर्षांची.

मी परत वर का घेतली नाय? ह्या एका गोष्टीवर मी खूप विचार केलाय. उत्तर एवढंच की घरात बोलनं सुरू झालं होतं.

महिन्याभरानं परत घडी पडायला लागली. मी परत दानाभर सैल केली. असं होता होता दोन पावसाळे गेले. ह्यांना कळलं कसं नाय, असं कोनी विचारील. पोरींच्या घरी पेट्या होत्या. तिथं एकदा काळी दोन दाबून बघितली असती नि मनात धरून घरी आले असते, तर लगेच कळलं असतं. पन त्यांनी बघितली नाय. ज्याच्यावर विश्वास असतो त्याला मापत नाय कोनी.

कळलं ते मास्तरांना. वाडीपलीकडं आमचे एक मास्तर राहायचे, किरिस्ताव, शाळेत शिकवायचे नि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. मोठे गमत्ये. सनाच्या गान्यांना चाली बसवायला ह्यांच्याकडं यायचे. नाताळाआधी एकदा सायकलीला चर्चची पेटी बांधून आले. हे अजून वसईहून यायचे होते. मी तंबोरा पुसत होते, खाऱ्या हवेत तारा गंजतात म्हनून रोज पुसायच्या. मास्तर म्हनाले, "वहिनी, छेडा जरा, मी पेटी मिळवून ठेवतो. काळी दोन ना?"

मी हो म्हटलं नि छेडलं.

मास्तरांनी काळी दोन दाबली. मान वाकडी केली. मग खालची पांढरी दाबली. मग त्याच्याही खालची काळी दाबली, काळी एक. तंबोरा नि पेटी एकमेकांत मिसळून गेली.

"वहिनी," म्हनाले, "तंबोरा उतरलाय. दोन घरं."

मी नुसती छेडत राहिले. हात थांबला असता तर रडले असते.

मास्तर शहाने होते. माझ्या तोंडाकडं बघितलं नि पेटीचा भाता बंद केला. "त्याला ठाऊक नाय?"

"नाय."

"नि तुम्हाला?"

"मीच केलंय."

त्यांनी मुलीची पाटी उचलून भिंतीला लावून ठेवली. मग म्हनाले, "मी नाय बोलणार. देवाशपथ. पण वहिनी, पेटी कोणाची भीड धरत नाय. उद्या मुंबईला गायला बसेल तेव्हा काय कराल?"

तेव्हा मुंबईला बसायचं काय नक्की नव्हतं. पुढल्याच महिन्यात पत्र आलं. गुरुजींच्या पुन्यतिथीला सगळे शिष्य जमायचे, नि शेवटचं मोठं गानं एकानंच गायचं. कोनी गायचं ते थोरले गुरुबंधू ठरवायचे. त्या वर्षी ह्यांना सांगितलं होतं. ऐकायला पुन्या-नाशिकची मानसं येनार होती. तिथं चांगलं झालं की बाहेरगावची बोलावनी येतात. बोलावनी आली की शिकवन्या सुटतात. शिकवन्या सुटल्या तर गळा सुटेल. मला एवढं सरळ दिसत होतं. नि त्याच्या आड मीच बसले होते तेही दिसत होतं.

म्हटलं, आता हळूहळू परत वर घ्यायची. जशी उतरवली तशी चढवायची. पहिल्या दिवशी दानाभर चढवली नि आवाज फुटला. दुसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी हे जेवले नाय. ताट सरकवून म्हनाले, "गळा गेला. आता नेमकं आता गेला." सासू म्हनाली, "दृष्ट लागली," नि मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मी बघत होते. पाचव्या दिवशी मी तंबोरा होता तिथं खाली आनून ठेवला. आवाज लागला. सासू म्हनाली, "बघ, मीठ-मोहऱ्या."

जायच्या आदल्या सकाळी मी सांगायचं ठरवलं. रियाज झाला होता, हे खुशीत होते. म्हटलं, "तिथं जरा खालच्या पट्टीत गायलं तर?"

"खालच्या म्हनजे?"

"काळी एक."

हे हसले. रागावले असते तर मी पुढं बोलले असते. "गुरुजींची पट्टी आहे ती," म्हनाले. "त्यांच्या फोटोसमोर उतरवू? नि कशाला? आता तर कसा लागतोय बघ ना आवाज. तुझाच तर कान आहे."

मी तांदूळ निवडायला घेतले.

गुरुजींच्या घराजवळच्या शाळेत कार्यक्रम होता. रविवारची सकाळ. ह्यांनी तंबोरा खांद्यावर घेतला, सोपाऱ्यापर्यंत चालत, मग गाडी. मला बरोबर नेलं, कारन मागं छेडायला मीच हवी होते. इस्त्रीचं धोतर, नवा झब्बा. मी लग्नातलं लुगडं नेसले होते. शाळेच्या एका वर्गात बाकं सरकवून गानाऱ्यांना बसायला जागा केली होती. फळ्यावर कोनी तरी गनितं पुसायची विसरलेलं. मी तंबोरा लावला, जवारीतला, म्हनजे घोडीवर तारांखाली असतो तो, दोरा सारखा केला. मग पेटीवाले आले. म्हातारे होते, तपकीर ओढायचे. पाठोपाठ तबलेवाले आले, नि दारात थोरले गुरुबंधू.

"पट्टी?" पेटीवाल्यांनी विचारलं.

"काळी दोन," हे म्हनाले.

त्यांनी काळी दोन धरली. मी छेडत होते. वर्गात एकदम दोन गावं भांडायला लागल्यासारखं झालं. पेटीवाल्यांनी माझ्याकडं बघितलं. मग ह्यांच्याकडं. "तंबोरा खाली आहे हो."

हे म्हनाले, "नाही. पेटी चढली असेल तुमची."

"माझी पेटी?"

"आमच्या घरच्यांचा कान चुकत नाही," हे म्हनाले. सगळ्यांसमोर. "एकदा दुसरी पेटी बघा."

पेटीवाले तपकिरीचा हात झटकून हसले. तबलेवाले पन हसले. थोरल्या गुरुबंधूंनी शेजारच्या वर्गातनं दुसरी पेटी मागवली. ती यायला किती वेळ लागला असेल, दोन मिनिटं. तेवढ्यात मी सांगू शकले असते. ह्यांच्या कानाला लागून बोलले असते तरी चाललं असतं. मी तंबोरा छेडत बसले. आयुष्यभर तेच केलं, तेव्हा पन तेच.

दुसरी पेटी आली. काळी दोन दाबली. पहिलीसारखीच वाजली.

तेव्हा हे माझ्याकडं वळले. मला वाटलं होतं विचारतील. विचारलं नाय. माझं तोंड बघितलं नि त्यांना कळलं. चुकलेल्या बाईचं तोंड वेगळं असतं.

पेटीवाले भले होते. म्हनाले, "अहो, मग काळी एकमध्ये गा की. त्यात काय. पन्नाशीला सगळेच उतरवतात, तुम्ही दहा वर्षं आधी. आधी सांगितलं असतं तर मी तीच धरली असती, कोणाला कळलं पण नसतं."

कोनाला कळलं पन नसतं. हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं. मी ते आजवर उचलून चाललेय.

"नको," हे म्हनाले. "काळी दोन." नि मला म्हनाले, "लाव."

मी खुंट्या आवळल्या. हाताला घाम आला होता, खुंटी निसटत होती. ह्यांनी मदत केली नाय. चारी तारा वर नेल्या, पेटीवाल्यांनी मान हलवली. मग आम्ही बाहेर जाऊन बसलो. समोर गुरुजींचा फोटो, हार, उदबत्ती. लोक शंभर असतील, जास्त पन असतील.

सुरुवात चांगली झाली. खालचे सूर ह्यांचे भरदार होते, शेवटपर्यंत होते. अर्धा तास लोक डोलले. मला वाटलं, देव पावला. मग समोर ह्यांचे खांदे आवळलेले दिसले.

वरच्या सा ला घडी पडली. परत घेतला, परत पडली. तिसऱ्यांदा आवाज आलाच नाय, नुसती हवा. तबला चालू होता, पेटीवाल्यांनी तो सा स्वतः धरून ठेवला, झाकायला. हे खाली आले. खालीच गात राहिले, वर गेलेच नाय परत. जानारा जिन्याच्या अर्ध्यावरनं परत येतो तसं ते गानं झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पन टाळ्या दोन जातीच्या असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

थोरले गुरुबंधू म्हनाले, "गळ्याला विश्रांती दे रे." पुन्याच्या मानसांनी नमस्कार केला नि चहाकडं वळले.

परत येताना तंबोरा ह्यांनीच खांद्यावर घेतला. मी म्हटलं, मी घेते. दिला नाय. सोपाऱ्याहून गासच्या वाटेला हे पुढं, मी मागं. केळीच्या वाडीपाशी आल्यावर न थांबता, मागं न बघता विचारलं, "कधीपासनं?"

"दोन पावसाळे."

घरी सासू दारात बसली होती. "झालं गानं?" म्हनाली.

"झालं," हे म्हनाले.

मला शिव्या दिल्या असत्या, हात उगारला असता, तर मी सोसलं असतं. सोसायची सवय होती. ह्यांनी काय केलं नाय. जेवन वाढलं की जेवायचे. तंबोरा खोळीत उभा. मास्तर आले नि गेले, त्यांना म्हनाले, "वयानं पट्टी उतरली हो, ध्यानात आलं नाही माझ्या." माझं नाव घेतलं नाय. कोनासमोर कधीच घेतलं नाय. मास्तरांनी माझ्याकडं बघितलं, मी पोहे आनायला आत गेले.

शिकवन्या सोडल्या नाय, सोडून खायचं काय. पन आता पोरींना पेटीवरनंच सांगायचे, गाऊन दाखवायचे नाय. दोन घरं त्यापायी सुटली. तोवर शेताला गोडं पानी मानवलं होतं, भात थोडं थोडं यायला लागलं. हे सकाळी शेतावर जायचे. पहाटेचा घरात आवाज नाय. सासू, जिनं जन्मभर टोमने मारले, तीच एक दिवस म्हनाली, "घर मेल्यासारखं वाटतं गो. सांग त्याला गायला." मी म्हटलं, आई, तुम्हीच सांगा. तिनं सांगितलं नाय. म्हातारीला पन काय तरी कळलं होतं.

सहा-सात महिन्यांनी एका दुपारी हे माळ्यावर चढले नि ती बुडालेली पेटी खाली आनली. मास्तरांना बोलावलं. दोघांनी अंगनात बसून ती खोलली. पेटीच्या पोटात एकेका सुराचं एकेक पितळी पान असतं, बोटाएवढं. सगळी हिरवी झालेली. ह्यांनी त्यातलं एकच उचकटून काढलं. लिंबानं घासलं, राखेनं घासलं, पातळ पात्यानं खरवडलं. मग ओठांत धरून फुंकलं. पहिल्यांदा नुसता फुसकारा. परत घासलं, परत फुंकलं. तिसऱ्यांदा वाजलं.

मी चुलीपाशी होते. ऐकल्याबरोबर ओळखलं. काळी एक.

दुसऱ्या दिवशी पहाटे हे आंघोळ करून आले. मी सवयीनं खोळ काढून खुंटीला हात लावला होता. हे म्हनाले, "राहू दे." खाली बसले, ते पितळी पान ओठांत धरलं, फुंकलं, नि स्वतः एकेक तार मिळवली. बराच वेळ लागला. त्यांना हाताची सवय राहिली नव्हती. मग तंबोरा माझ्या हातात दिला.

"छेड."

मी छेडलं. हे काळी एकमध्ये गायले. आवाज कुठं अडला नाय.

त्यानंतर वीस वर्षं रोज असंच. त्यांनी फुंकायचं, त्यांनी लावायचं, मी छेडायचं. गावात गायले, मास्तरांच्या चर्चच्या गान्यांना चाली दिल्या, आजूबाजूला चार ठिकानी बोलावलं तिथं गेले. मुंबईला परत गेले नाय. माझ्याशी नीट बोलायचे, भाताबद्दल, मुलीच्या लग्नाबद्दल, माझ्या गुडघ्यांबद्दल. एकदा माझा ताप उतरेना तेव्हा तीन दिवस उशाशी बसले. पन खुंटीला मला हात लावू दिला नाय. नि 'घरची पेटी' परत म्हनाले नाय. मी वाट बघायची. आजारपनात, शेवटच्या दिवसांत पन वाट बघितली. म्हनाले नाय.

ते गेल्यावर मुलगी म्हनाली, तंबोरा कोना शिकनाऱ्याला देऊन टाकू. मी म्हटलं, मी आहे तोवर राहू दे. तारा पुसते. हात दुखतात, तरी सकाळी खुंट्या पिळून लावून ठेवते, कानानं, काळी एकला. गानारं कोनी नाय. लावून झालं की डबीतलं ते पितळी पान काढते, ओठांत धरते नि फुंकून बघते.

रोज तंबोरा थोडा खालीच असतो. दानाभर. मी मुद्दाम करत नाय. मग पान बाजूला ठेवते नि पानाच्या सुराला तार मिळवून वर घेते.